प्रस्तावना : बरं वाटलं, ते कशानं?

१९८२ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत केंद्रीय आरोग्य परिषदेनं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाला मान्यता दिली. मानसिक आजारांवरचा उपचार मनोरुग्णालयाच्या भिंतींबाहेर काढून गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत न्यायचा, हा त्या कार्यक्रमाचा गाभा. त्याच महिन्याच्या २६ तारखेला चंद्रपूर जिल्ह्याचं विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. कार्यक्रम आणि जिल्हा एका वयाचे. पण चाळिशी उलटली तरी दोघांची नीट गाठ पडलेली नाही. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचं. या जिल्ह्यातल्या आरमोरीच्या माणसाला मनाचा दवाखाना म्हटलं की आजही तेच आठवतं, आणि तिथं न्यायची वेळ आली म्हणजे माणूस हातचा गेला, असंच घरचे धरून चालतात.

ज्या आजारांबद्दल हे पुस्तक आहे, त्यांची माणसं खरं तर नागपूरला जातच नाहीत. ती आरमोरीच्या सरकारी दवाखान्यात सकाळच्या रांगेत उभी असतात. पदर सावरत स्टुलावर बसलेली बाई सांगते, "अंग ठणकते जी, डोस्कं भणभणते, जीव घाबरते, रातच्यानं डोळा लागत नाही, जेवण जात नाही." केसपेपरवर 'अशक्तपणा' लिहिलं जातं, ताकदीच्या गोळ्या मिळतात, आग्रह धरला तर एखादी सुई. चार दिवस बरं वाटतं. महिनाभरात बाई पुन्हा रांगेत. यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं. बाईचं अंग खरंच दुखत असतं. डॉक्टरच्या पुढ्यात तापाचे, मलेरियाचे, विंचू चावलेले पेशंट ताटकळत असतात. फक्त 'मागचे पंधरा दिवस मन कसं आहे?' हा प्रश्न दोघांच्या मध्ये येतच नाही.

प्रौढ वयातलं नैराश्य आणि चिंताविकार यांचा चेहरा बहुतेक ठिकाणी असाच असतो. माणूस कामाला जातो, रोवणा करतो, मोहफुलं वेचतो, लग्नात जेवायला बसतो. त्याला वेड लागलेलं नसतं. आतून मात्र तो पार थकलेला असतो किंवा सारखा धास्तावलेला असतो, आणि हे महिनोन्‌महिने चालतं. निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं, की या सर्वसामान्य मानसिक विकारांच्या १०० माणसांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचलेलाच नव्हता. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं. त्यांत छत्तीसगड होतं, मध्य प्रदेश होता, गुजरात होता, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे गडचिरोलीला लागून असलेल्या जंगलापलीकडची माणसं मोजली गेली, अलीकडची राहिली. राज्याची ही अनुपस्थिती आपल्याकडे फारशी कुणाला टोचलेली दिसली नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

हे पुस्तक रोगांची यादी देत नाही. या विकारांवर माणसांत प्रत्यक्ष काय करून पाहिलं गेलं, त्यातलं काय लागू पडलं, काय फसलं आणि ते कसं ठरवलं, याची ओळख यातले लेख करून देतात. प्रस्तावनाकाराचं काम वाचकाला उंबरठ्यापर्यंत आणून सोडायचं. मी थोडा आतही येणार आहे, कारण एक प्रश्न मनात धरल्याशिवाय हे लेख वाचले तर हाती फक्त आकडे लागतील. तो प्रश्न असा : माणसाला बरं वाटलं, ते कशानं?

हा प्रश्न इथल्या शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये पटेल-३ या धानाच्या वाणाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या लावल्या, हंगामामागून हंगाम निवड करत राहिले. त्यातून एचएमटी हा तांदूळ आला. या भागातला कुठलाही धानकरी एका वर्षाच्या पिकावरून वाण चांगला म्हणत नाही. त्या साली पाऊसच मनासारखा झाला असेल, ती बांधीच कसदार असेल. शेजारच्या बांधीत त्याच पाण्यावर, त्याच खतावर जुना वाण लावलेला असेल तरच नव्याचं खरं-खोटं कळतं. उपचारांच्या संशोधनात तुलनागट असतो तो एवढ्याचसाठी. कोणत्या माणसाला नवा उपचार आणि कोणाला नेहमीचा, हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात. नाहीतर डॉक्टर नकळत बऱ्या होण्यासारख्या माणसांना नवी गोळी देणार आणि गोळीचा गवगवा होणार.

नैराश्याच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण हा आजार पुष्कळदा आपोआपही ओसरतो. गोव्यातल्या 'मानस' या अभ्यासाचे आकडे २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. मानस म्हणजे 'मनःशांती सुधार शोध'. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगाथ' ही संस्था त्यामागे होती. १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी दवाखाने निवडले. निम्म्या ठिकाणी प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशक बसवल्या, निम्म्या ठिकाणी नेहमीचे उपचार चालू ठेवले. एकूण २,७९६ माणसं. सरकारी केंद्रांत समुपदेशक होत्या तिथं सहा महिन्यांनी ६५.९ टक्के पेशंट बरे झालेले होते. नव्हत्या तिथं ४२.५ टक्के.

पहिला आकडा सगळेच सांगतात. मला दुसरा जास्त बोलका वाटतो. नेहमीच्या उपचारापलीकडे खास काहीच न करता १०० पैकी ४२ माणसं बरी झाली! आता आपल्याकडची गोष्ट घ्या. कोणी पुजाऱ्याकडे जाऊन अंगारा लावून घेतो आणि दोन-तीन महिन्यांत हसू-बोलू लागतो. कोणी सुई टोचून घेतो आणि त्याला बरं वाटतं. कोणी शहरातून महागडी गोळी आणतो, तोही सावरतो. तिघांचाही अनुभव खरा. तिघांपैकी एकाच्याही अनुभवावरून उपचार लागू पडला हे सिद्ध होत नाही. शिकलेली माणसं पुजाऱ्याच्या बाबतीत हे चटकन मान्य करतात आणि स्वतःच्या गोळीच्या बाबतीत विसरतात.

याच अभ्यासातला आणखी एक निकाल प्रचारपत्रकांत सहसा सापडत नाही. खासगी दवाखान्यांत समुपदेशक बसवून काहीच फरक पडला नाही. तिथं दोन्ही गटांत साधारण सारखीच माणसं बरी झाली : ६४.१ आणि ६५.९ टक्के. असं का झालं असावं? छोट्या गावातला खासगी डॉक्टर पेशंटला नावानं ओळखतो, घरचं माहीत असतं, दोन शब्द जास्त बोलतो. नेहमीच्या उपचारातच कदाचित ते समुपदेशन मिसळलेलं असतं. हा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरीच्या जुन्या डॉक्टरांना तो पटेल असं वाटतं.

गोव्याची कहाणी मानसपासून सुरू होत नाही, आणि ती क्रमानं वाचली तरच तिची खरी किंमत कळते. त्याआधी २००३ मध्ये याच मंडळींनी ४५० प्रौढांवर केलेला अभ्यास 'लॅन्सेट'मध्येच आला होता. एका गटाला फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी, तिसऱ्याला बोलण्यातून मानसोपचार. दोन महिन्यांनी औषधाचा गट पुढे होता. बोलण्याचा उपचार मात्र खोट्या गोळीहून सरस ठरला नाही. मन मोकळं करण्यावर ज्यांचा विश्वास, त्यांच्यासाठी हा निकाल पचायला कठीण. संशोधकांनी तो छापला, आणि बोलण्याचा उपचार मोडीत न काढता त्याची बांधणी बदलली. हे मला फार मोलाचं वाटतं. या तऱ्हेची चिकाटी आपल्या सरकारी योजनांत असती, तर दर पाच वर्षांनी नवं नाव घेऊन तीच योजना पुन्हा आली नसती.

नव्या बांधणीचा उपचार २०१७ मध्ये समोर आला. त्याचं नाव 'हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम'. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेले ४९५ प्रौढ, गोव्यातली १० प्राथमिक आरोग्य केंद्रं. समुपदेशक कोण? मानसशास्त्राचं कसलंही शिक्षण नसलेली, शाळा शिकलेली स्थानिक माणसं. त्यांचं वर्गातलं प्रशिक्षण तीन आठवड्यांचं, पुढे प्रत्यक्ष काम करत शिकणं. प्रत्येक पेशंटबरोबर सहा ते आठ बैठका. जमलं तर केंद्रात, नाहीतर त्याच्या घरी.

बैठकीत काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे, कारण समुपदेशन म्हणजे 'धीर धरा, सगळं ठीक होईल' असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. इथं उपदेश नाही. समजा, आरमोरीजवळच्या एखाद्या गावातली बाई आहे. तिनं बचत गटाच्या बैठकीला जाणं सोडलंय, शेजारणीच्या ओसरीवर बसणं सोडलंय, रांधून झालं की भिंतीकडे तोंड करून निजते. 'बरं वाटलं की जाईन' असं ती म्हणते. या उपचाराचं म्हणणं उलटं : तू गेलीस तर बरं वाटायला लागेल. पण एकदम बैठकीला पाठवायचं नाही. समुपदेशक तिच्याबरोबर बसून आधी विचारते, पूर्वी कशात जीव रमायचा? मग आठवड्याभरासाठी दोनच गोष्टी ठरतात. एक, सकाळी अंगणात सडा घालायचा. दोन, बुधवारी दुपारी शेजारणीकडे जाऊन बसायचं. केलं की कागदावर खूण करायची आणि मन कसं होतं तेही लिहायचं किंवा चित्रानं दाखवायचं. पुढच्या खेपेला तो कागद काढून बोलायचं. जमलं नाही तर का नाही जमलं? सासू बोलली, पाय उचलला नाही, नवरा पिऊन आला? अडचण जी असेल तिच्यावर वाट शोधायची. पुन्हा दोन गोष्टी. हे लिहायला सोपं आहे. एवढी साधी बैठक न वाहवता, न उपदेश करता पार पाडणं किती कठीण असतं, ते प्रशिक्षण देणाऱ्यांना विचारा.

तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचाराच्या गटात ३९ टक्के माणसं आजारातून बाहेर आलेली होती; ज्यांना या बैठकाही मिळाल्या त्यांच्यात ६४ टक्के. तुलनागटाला वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं, हेही ध्यानात घ्यावं. त्यांच्या डॉक्टरांना तपासणीचा निकाल कळवला होता आणि जागतिक आरोग्य संघटनेची उपचारपद्धत हाती दिलेली होती. बैठकांचा दर्जा राखण्याची या मंडळींची रीतही शिकण्यासारखी. समुपदेशक आपल्या बैठका पेशंटच्या परवानगीनं ध्वनिमुद्रित करत, मग एकत्र बसून एकमेकांच्या बैठका ऐकत आणि गुण देत. दर खेपेला शहरातून तज्ज्ञ आणावा लागत नसे.

हे वाचताना गडचिरोलीच्या माणसाला ओळखीचं काही वाटायला हवं. गावची बाई, थोडकं शिक्षण, नेटकं प्रशिक्षण, काटेकोर देखरेख आणि तुलनेला दुसरी गावं : ही रीत गडचिरोलीनंच जगाला दाखवली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळाची देखभाल करणाऱ्या आरोग्यदूत तयार केल्या आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचं मरण ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं तेव्हा खेड्यातली बाई बाळाला जंतुसंसर्गावरची सुई देते, यावर शहरी डॉक्टरांच्या भुवया उंचावल्या होत्या. पुढे घरी जाऊन बाळाची काळजी घेण्याचं तेच काम देशभरच्या आशाताईंच्या यादीत आलं. मग मनाच्या आजाराच्या बाबतीत मात्र 'हे तज्ज्ञाचं काम, आशाताईला कसं जमेल?' असं याच जिल्ह्यात ऐकू येतं, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

सर्चच्याच आणखी जुन्या कामाचा धागा या विषयाला येऊन मिळतो. १९८९ मध्ये वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी प्रसिद्ध झाली. ९२ टक्के बायांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. पुढे गोव्यात बायांच्या अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचा मोठा अभ्यास झाला. त्यात त्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक त्रासाशी आणि घरातल्या छळाशी जास्त घट्ट दिसला. या दोन निष्कर्षांत भांडण लावायचं कारण नाही. पहिला म्हणतो, बाईला तपासा. दुसरा म्हणतो, तपासल्यावर तिला विचाराही. नुसती गोळ्यांची पाकिटं देऊन तिला वाटेला लावलं, तर दोन्ही अभ्यास वाया गेले.

विचारायचं कसं, हा मात्र कळीचा प्रश्न. या क्षेत्रात सगळ्यात जास्त वापरली जाणारी प्रश्नावली २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिचं नाव पीएचक्यू-९. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. बेरीज १० किंवा जास्त आली की नैराश्याचा संशय घ्यायचा. गोव्याच्या २०१७ च्या अभ्यासात १४ च्या वरचे पेशंट घेतले होते. चिंतेसाठी तशीच सात प्रश्नांची दुसरी आहे. दोन्ही मराठीत मिळतात. पाच-दहा मिनिटांचं काम. पण आषाढात रोवण्याच्या दिवसांत हा कागद घेऊन गावात जा. 'थकवा वाटतो का?' दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून रोवणा करणारी कुठली बाई नाही म्हणेल? 'भूक कमी झाली का?' 'झोप नीट लागते का?' सिकलसेल, रक्तक्षय, मलेरिया असलेल्या मुलखात हे तीन प्रश्न मनाबद्दल किती सांगतात आणि रक्ताबद्दल किती? एका प्रश्नात वर्तमानपत्र वाचताना किंवा टीव्ही पाहताना लक्ष लागतं का, असं विचारलेलं आहे. ज्या घरी पेपर येत नाही तिथं ते बदलून घ्यावं लागतं : तांदूळ निवडताना, भजनात, झाडीपट्टीचं नाटक बघताना.

म्हणून प्रश्नावली फेकून द्यावी, असा निष्कर्ष कुणी काढू नये. तिच्यातून संशय निघतो, निदान नंतर माणूस करतो. तो क्रम पाळला की ती उत्तम काम देते. हंगामाचं भान मात्र संशोधकाला हवंच. आषाढात पहिली मोजणी आणि दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांच्या दिवसांत दुसरी केली, तर उपचार न करताही गाव सुधारलेलं दिसेल. धान घरात आलेलं, अंग मोकळं झालेलं, रात्रभर नाटकं. पुन्हा तोच प्रश्न : बरं वाटलं, ते कशानं? मेमध्ये तेंदूपत्त्याच्या दिवसांत तर घरी कुणी भेटणारच नाही, आणि भेटेल तो आजारी असेल म्हणूनच घरी असेल.

नवव्या प्रश्नाबद्दल वेगळं लिहायला हवं. मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, असं तो विचारतो. बरेच कार्यकर्ते तो गाळतात. विचारलं तर डोक्यात नसलेली गोष्ट आपणच घालू, ही भीती असते. ती अनाठायी आहे. सरळ आणि शांतपणे विचारल्यानं असा विचार पेरला जात नाही, उलट बोलणाऱ्याला वाट मिळते. पण उत्तर 'हो' आलं तर पुढं काय, हे ठरलेलं नसताना प्रश्न विचारणं बेजबाबदारपणाचं. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातलं कीटकनाशक नजरेआड करायचं, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा चालू आहे. फोन फुकट आहे. आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असंच धरून चालायचं असतं. पोलिसांच्या धाकानं असा पेशंट दवाखान्यात न नेण्याचं कारण उरलेलं नाही.

चिंतेच्या बाबतीत आरमोरीचा प्रश्न वेगळाच आहे. रोगनिदानाच्या पुस्तकांत चिंताविकार म्हणजे प्रमाणाबाहेरची, महिनोन्‌महिने न हटणारी काळजी. प्रमाण ठरवायचं कुणी? सीटी-१ नावानं नोंदलेल्या वाघानं वडसा, भंडारा, चंद्रपूर या पट्ट्यात १३ माणसं मारली. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो जेरबंद झाला. छत्तीसगडातून आलेला हत्तींचा कळप २०२१ पासून धानाच्या बांध्या तुडवत फिरतोय. अशा गावातली बाई सरपणाला जायला घाबरते, नवरा यायला उशीर झाला की तिची छाती धडधडते. हा आजार म्हणायचा की शहाणपण? माझ्या मते जंगलाची भीती ही शहाणपणच. पण वाघ पकडला गेल्यावर वर्षभरानंही जी दार लावून घरात बसते, बाजारातही जात नाही, अंधार पडताच जिचा श्वास कोंडतो, तिला मदतीची गरज आहे. ही रेघ मुंबईत किंवा बोस्टनमध्ये बसून ओढता येणार नाही. इथल्या डॉक्टरांनी, इथल्या कार्यकर्त्यांनी ती ओढायची आहे, आणि संशोधनात त्यांना सगळ्यात जास्त वाव इथेच आहे.

औषधांबद्दल थोडक्यात. २०१८ मध्ये ५२२ प्रयोगांचे आणि १ लाख १६ हजारांवर पेशंटचे आकडे एकत्र तपासले गेले. नैराश्यावरची २१ औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक बेताचा होता, आणि बहुतेक प्रयोग जेमतेम आठ आठवड्यांचे होते. म्हणजे 'या गोळ्या म्हणजे धूळफेक' हेही खोटं आणि 'गोळी घेतली की झालं' हेही. गोळी लागू पडायला दोन ते चार आठवडे लागतात, हे सांगितलं जात नाही म्हणून कित्येक जण आठव्या दिवशी ती सोडतात. डॉक्टरला न विचारता अचानक बंद केली की वेगळाच त्रास. छापील संशोधनावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे नोंदलेले असे ७४ प्रयोग कुणीतरी चिकाटीनं शोधून काढले. अनुकूल निकालाचे ३८, त्यांतले ३७ छापून आले. उरलेल्या ३६ पैकी २२ कुठंच छापले गेले नव्हते, आणि ११ असे छापले होते की वाचणाऱ्याला ते अनुकूलच वाटावेत. भारतात २००९ पासून औषधांच्या प्रयोगांची नोंद आधीच सरकारी नोंदवहीत करणं बंधनकारक झालं, ते अशा लपवाछपवीला आळा बसावा म्हणून.

विदर्भातलं या विषयावरचं मोठं काम अमरावती जिल्ह्यातलं. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर तिथल्या ३० गावांत 'विश्राम' हा कार्यक्रम राबवला गेला. गावातले कार्यकर्ते घरोघर बोलत, समुपदेशक बैठका घेत, गरज पडली तर डॉक्टर. लोकांशी बोलताना 'मानसिक आजार' हे शब्द टाळून 'टेन्शन' म्हटलं की दारं उघडतात, हे या कामात पक्कं झालं. १८ महिन्यांत नैराश्याच्या पेशंटपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ते प्रसिद्ध केलं. यात तुलनेची गावं नव्हती, फक्त आधीची आणि नंतरची मोजणी. दादाजींच्या बांधीपासून इथवर आलेल्या वाचकानं ही उणीव स्वतःच पकडली असेल. तरीही सहापट वाढ नुसत्या हंगामानं होत नसते.

आरमोरीत असं काम करायला नवं रुग्णालय लागत नाही. पण अमरावतीचा कापूसवाला आणि इथला धानकरी यांच्या अडचणी सारख्या नाहीत. इथं दारूबंदी १९९३ पासून आहे आणि दारूही आहे. गोंडी बोलणाऱ्या म्हाताऱ्याला मराठी प्रश्नावली पुरायची नाही. म्हणून गोव्याची पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही, इथं पुन्हा करून पाहावी लागेल. तालुक्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि गटप्रवर्तकांना माझी विनंती आहे. दोन-चार उपकेंद्रांत आशाताईंना नीट प्रशिक्षण देऊन सुरुवात करा, तेवढीच उपकेंद्रं तुलनेला ठेवा, पेशंटची संमती घ्या, रोवण्याचे आणि तेंदूचे दिवस टाळा, आणि आशाताईंना या जादा कामाचा मोबदला आधी मंजूर करून घ्या. सहा महिन्यांनी जे निघेल ते लिहा. फसलं असेल तर फसलं म्हणून लिहा. गोव्याच्या मंडळींनी २००३ मध्ये तेच केलं होतं.